चौथा टाका

१२ ऑक्टोबर

आई,

तीर्थरूप वगैरे लिहून सुरुवात करणार होते, पण तुझं पत्र वाचलं आणि हात आखडला. तूही चिरंजीव लिहिलेलं नाहीस. फिट्टंफाट.

तुझ्या पाच ओळींचं उत्तर आधी देते. मी येणार नाही.

आता बाकीचं. मागची खोली तू रिकामी केलीस, भिंतींना रंग काढलास, खिडकीची कडी बदलून घेतलीस. त्या कडीसाठी मी लहानपणापासून बोंबलत होते. मला मूल होणार म्हटल्यावर ती बदलली गेली, म्हणजे ही पिढी वाया गेली, पुढचीला वारा लागणार. वाचून हसू आलं, आणि जरा भरूनही आलं, खोटं कशाला बोलू? पण मग शेवटची ओळ. ‘एकटी ये. त्याला माझ्या दारात आणू नकोस.’ त्याला दार नसेल तर मलाही नको. मी काही धुवायला आलेला गठ्ठा नाही, की अर्धा ठेवून घ्यावा आणि अर्धा परत करावा.

तू त्याचं नाव घेत नाहीस, ‘इस्त्रीवाला’ म्हणतेस. बरं, मीही तेच म्हणते, मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. तुझ्या लाँड्रीत तो इस्त्री करत होता तेव्हा तूच गिऱ्हाइकांना सांगायचीस, ‘घडी बघा, बोट कापेल.’ तेव्हा तो गुणाचा होता. टेबलाच्या अलीकडे मी कपड्यांना खुणा घालायचे, पलीकडे तो इस्त्री करायचा, आणि मधे काय शिजतंय ते सगळ्या गिऱ्हाइकांना कळलं होतं. तुलाच तेवढं कळलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

लग्न करतो म्हटल्यावर तू काय बोललीस ते आठवतं का? ‘अनाथाश्रमात वाढलेलं पोर. ना आगा ना पीछा. अशा माणसाला धरून ठेवायला असतं काय? उद्या उठून जाईल.’ मी म्हटलं, जाणारच असेल तर मीही सोबत जाते, म्हणजे चुकामूक नको. आणि गेले.

इथलं म्हणशील तर झकास चाललंय. आमची खोली एका किल्लीवाल्याच्या दुकानावर आहे. दिवसभर खाली किल्ल्या घासतात आणि वर आमचे दात शिवशिवतात. पाठीमागच्या भिंतीला ओल आहे, पण तिच्यापुढे आम्ही कपाट सरकवलंय, त्यामुळे ती नाही असं म्हणायला हरकत नाही. मोरी जिन्याच्या वळणावर, घरमालकीणबाईंची आणि आमची एकच. एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात लाँड्री आहे, तिथे दोघंही कामाला आहोत. तो वाफेच्या प्रेसवर, मी कपडे निवडायच्या टेबलावर. तू शिकवलेलं सगळं उपयोगी पडतं, हे लिहिताना पेन जरा अडखळलं.

मी ठणठणीत आहे. काळजी करू नकोस, आणि करणार असशील तर दोघांची कर.

तुझी,
अजूनही तुझीच

१८ नोव्हेंबर

आई,

तुझ्या पत्रात नुसते प्रश्न. पाय सुजतात का, जड उचलतेस का, कुशीवर झोपतेस का. उत्तरं: नाही, नाही, हो. तो जेवला का, जगला का, हा प्रश्न नाही. असू दे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभही शाबूत आहे.

सध्या मी जरा सुट्टी घेतली आहे. उगाच, कंटाळा आला म्हणून. घरी बसून छत बघत असते. आमच्या छताला एक तडा आहे, तो दिव्याच्या वायरीपासून निघून कपाटावर उतरतो. मला तो आता तोंडपाठ झालाय.

तुझ्या सवयीने मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलं. ऐक. टेबलावर हॉटेलचे हातरुमाल निवडत होते. हातात सुई होती, एकाची कड उसवली होती म्हणून. मन कुठे होतं देव जाणे. थोड्या वेळाने मुकादमीणबाई येऊन उभ्या, एक रुमाल नाकासमोर धरून, ‘हे काय आहे?’ कोपऱ्यात निळ्या दोऱ्याचे तीन टाके. एकात नाही, ढीगभर रुमालांत! आपल्या घरची माझी खूण मी हॉटेलच्या रुमालांवर घालत बसले होते. निळा दोरा घरचा. एक टाका बाबांचा, दोन तुझे, तीन माझे, म्हणजे गिऱ्हाइकांच्या कपड्यांत आपले कपडे हरवायला नकोत. आता हे त्या बाईंना कसं समजावणार? त्यांना वाटलं, मी माल बाजूला काढायला खुणा करतेय. माझा इस्त्रीवाला धावत आला, म्हणाला, ‘बाई, ही चोर नाही, ही लाँड्रीवालीची पोरगी आहे.’ आणि जेवणाच्या सुट्टीत न जेवता बसून एकेक टाका उसवला. रुमालाला भोक दिसू दिलं नाही.

त्याचेही प्रताप सांगते, म्हणजे मीच एकटी बावळट असं नको. घरमालकीणबाईंनी आम्हाला जुन्या मऊ चादरी दिल्या. त्याने त्यांचे लंगोट कापले, कडा दुमडल्या, धुतले, नीळ दिली. इथवर ठीक. मग पठ्ठ्याने त्यांना खळ घातली! आणि वर कडक इस्त्री. लंगोट टेबलावर उभे राहिले, आई. मी म्हटलं, ‘अरे, बाळ येणार आहे, वकील नाही.’ तर बिचारा गोरामोरा होऊन म्हणाला, ‘पहिल्यांदाच लोकांसमोर येणार, जरा नीटनेटकं दिसायला नको?’ मी इतकी हसले की पोट दुखायला लागलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. तसं काही नव्हतं. नुसतं हसून दुखलं होतं.

सगळे लंगोट त्याने पुन्हा धुतले. काहींची खळ अजून गेली नाही.

तुझी

९ डिसेंबर

आई,

तुझी एक ओळ पोचली. ‘आडवं पडून लिहितेस, ओळी उताराला लागल्यात. काय झालं?’ तुझ्यापासून डाग लपवून कपडा कधी कोणी आत नेला नाही, मी काय नेणार?

कामावर ओल्या चादरींचा ढीग ओढत होते. ओढायला नको होता, मला मनाई होती, पण थांबते कशाला? तू तरी थांबली असतीस का? रक्त गेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळ आहे, ठोके चांगले आहेत, पण आता जागचं हलायचं नाही. जिना तर मुळीच नाही. म्हणून छत पाठ झालंय. आणि पाय सुजतात. तेही खोटं लिहिलं होतं.

मोरी जिन्याच्या वळणावर, त्यामुळे सगळं खोलीतच. भांडं तो उचलतो. पहिल्या दिवशी मी लाजून तोंड भिंतीकडे केलं, तर म्हणाला, ‘तुझ्या आईच्या दुकानात लोकांचं काय काय धुतलंय मी. हे तर घरचं आहे.’ तो माझे केस धुतो, तेसुद्धा आधी कोमट, मग गार पाण्याने, लोकरीचे कपडे धुतात तसे. सकाळी कामावर जातो, दुपारी येऊन स्वयंपाक करतो. स्वयंपाक कसा असतो ते विचारू नकोस. पदरी पडलं पवित्र झालं.

आता तू म्हणशील, ‘सांगितलं होतं मी.’ म्हण. पाठोपाठ गाडी पाठवायचं म्हणशील, आणि त्यात एकच जागा असेल. पाठवू नकोस. मला प्रवासाची मनाई आहे, आणि नसती तरी मी त्या गाडीत बसले नसते.

एक गोष्ट सांगते, ती तुझ्याच खात्यावर जमा कर. एका दुपारी तो वेळेवर आला नाही. जिन्यावर पाऊल वाजेना. किल्ल्या घासायचा आवाजही बंद होता. पडल्या पडल्या माझ्या कानात तू बोलायला लागलीस, ‘उद्या उठून जाईल. उद्या उठून जाईल.’ मी खुंटीकडे बघितलं, त्याचा जाड कोट नव्हता. मग मी रडले, आई. तुझं खरं झालं असं वाटून रडले, आणि तुझं खरं झालं याचा राग येऊन आणखी रडले.

आणि मग डोक्याशी खिडकीतून एक दोरी आत आली. खालून आवाज आला, ‘ओढून बघ गं!’ ओढली, तर खाली केवढा खळखळाट! किल्लीवाल्याने बिघडलेल्या किल्ल्यांचा झुबका दिला होता, तो याने दोरीला बांधून दुकानात टांगला. तो कामावर असताना मला काही झालं तर मी दोरी ओढायची, म्हणजे किल्लीवाला घरमालकीणबाईंना वर पाठवणार. इतका वेळ हेच चाललं होतं. मी वर तो पळाला म्हणून हुंदके देत होते, आणि तो माझ्या पलंगाखालच्या मजल्यावर किल्ल्या ओवत होता.

पळून जायला त्याला रोज दार मोकळं आहे. अडकलेली मी आहे, तो नाही. तरी तो रोज दोनदा जिना चढून येतो. आणखी कशाने धरून ठेवायचं असतं माणसाला?

मला भीती वाटते. हे तुला सांगायचं नव्हतं, पण आडव्या माणसाला फार काही लपवता येत नाही. तुझा हात कपाळावर असावा असं वाटतं, साबणाने भेगाळलेला, खरखरीत. मात्र अटीसकट नको. अट घालून ठेवलेला हात मला टोचेल.

तुझी

२ जानेवारी

आई,

तुझं पार्सल आलं. घरमालकीणबाईंनी वर आणून दिलं. चिठ्ठी नव्हती. उघडलं तर अख्ख्या खोलीत आपलं दुकान पसरलं, तो साबण, ती नीळ, वाळत घातलेल्या सुताचा तो वास. झबली, टोपडी, दुपटी, सगळं तुझ्या जुन्या साड्यांचं, किती वेळा धुतलेल्या, लोण्यासारख्या मऊ. शिलाई आतून, बाळाला टोचू नये म्हणून. मी एकेक गालाला लावत होते. तो शेजारी उभा राहून म्हणाला, ‘बघ, मालकीणबाईंनी खळ घातली नाही.’ तो तुला अजून मालकीणबाईच म्हणतो.

मग मी कोपरे बघितले. प्रत्येकावर निळा दोरा. चार टाके.

चार!

तुझ्या हातून आजवर एकाही गिऱ्हाइकाची खूण चुकलेली नाही. तेव्हा ही चूक नव्हे. बाबांचा एक, तुझे दोन, माझे तीन, आणि बाळाचे चार. मधला माणूस उडवलास. चौथा टाका ज्याचा, तो शेजारी उभा राहून तुझ्या शिलाईचं कौतुक करत होता. त्याने मोजलं. त्याला मोजता येतं, तुझ्याच हाताखाली शिकलाय. मग त्याने एक झबलं हलकेच घडी करून ठेवलं आणि पाणी तापवायला गेला.

तर आता माझं ऐक. मोठ्या आवाजात वाच, दुकानात कोणी असेल तरी वाच.

बाबा घर सोडून गेले तेव्हा मला धड चालताही येत नव्हतं. त्यांना आगा होता, पीछा होता, आई, बाप, भाऊ, मोठं कुटुंब, सगळं होतं. धरून ठेवायला माणसांची रांग होती. तरी गेले. आणि त्यांचा तो पांढरा शर्ट तू अजून वर्षातून दोनदा धुतेस, पिवळा पडू नये म्हणून. त्याच्या कॉलरखाली तो एक निळा टाका अजून आहे. मी लहानपणी विचारलं होतं, हा का उसवत नाहीस, तर म्हणालीस, ‘खूण एकदा घातली की घातली.’ जो परत आला नाही त्याचा आकडा तू राखून ठेवलास, आणि जो रोज परत येतो त्याला तुझ्या घरात आकडा नाही? हा कुठला हिशेब?

तुला सोडून गेले तसं मलाही कोणी सोडून जाऊ नये म्हणून तू मला अडवत होतीस, एवढं कळण्याइतकी मोठी झालेय मी. पण बाबांची शिक्षा याला का? करून गेला गाव आणि दुसऱ्याचं नाव!

सगळे कपडे याच पार्सलातून परत पाठवते आहे. धुऊन, घडी करून. घडी त्यानेच घातली आहे, ओळखशील. माझ्या बाळाला पाच टाके लागतात. चौथा कोणाचा ते तुला माहीत आहे. पाच घालणार असशील तर पाठव, नाहीतर बाळ घरमालकीणबाईंच्या चादरीत वाढेल, खळ घातलेल्या.

एक झबलं ठेवून घेतलंय. ते मिळणार नाही. रात्री उशाखाली असतं आणि ते माझं आहे, बाळाचं नव्हे.

तुझी

११ फेब्रुवारी

आई,

तू खाली बसली आहेस. घरमालकीणबाई धापा टाकत वर आल्या आणि म्हणाल्या, ‘तुमच्या आई किल्लीवाल्याच्या बाकावर बसल्यात, मांडीवर गाठोडं आहे, पाणी दिलं तर घेईनात.’ मी म्हटलं, हीच ती, दुसरी कोण असणार?

म्हणजे त्याने तुला कळवलं. मला न विचारता! मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत, एवढंच लिहिलं म्हणाला, आणि वर पुन्हा ‘मालकीणबाईंना कळायला नको का?’ मी त्याच्यावर ओरडले. मग लगेच तुझी चाहूल घ्यायला खिडकीकडे मान वळवली, हेही लिहून टाकते.

तुझा निरोप मिळाला. ‘आधी त्याला खाली पाठव, मग मी वर येते.’ एवढा प्रवास करून आलीस, अवघडलेलं अंग घेऊन बाकावर बसलीस, आणि अट तेवढी घडीसुद्धा न मोडता आणलीस. शाब्बास!

मला टाके पडलेत, जिना उतरायला बंदी आहे. नाहीतर मी स्वतः खाली येऊन भांडले असते. त्या दिवशी काय काय झालं ते समोरासमोर सांगेन, पत्रात नाही. इतकंच सांगते, कळा सुरू झाल्या तेव्हा मी ती दोरी ओढली आणि किल्लीवाला दुकान उघडं टाकून हॉटेलकडे पळत सुटला. तो प्रेसवरून तसाच आला, एप्रनसकट. मला खाली उचलून नेताना त्याची एकही पायरी चुकली नाही. दवाखान्यात मी किंचाळताना कोणाला हाक मारत होते ते त्याला विचार. त्याला नव्हे. मला आत्ता ते कबूल करायची लाज वाटते, कारण मी तुझ्यावर रागावले आहे.

तर तुझी अट. मान्य. पाठवते त्याला खाली.

पण मोकळ्या हातांनी नाही पाठवत. तुझी नात त्याच्या हातांत आहे. नाक तुझं आहे, तक्रार करून उपयोग नाही. माझं हे पत्र तिच्या दुपट्यात खोचलंय. त्याला मी बजावलंय, पत्र तू काढून द्यायचं नाहीस, काही बोलायचंही नाही, नुसतं समोर उभं राहायचं. दोन्ही हात गुंतलेले आहेत, त्यामुळे त्याला ते काढता येणारही नाही. तेव्हा तू हे वाचत असशील तर त्याच्या समोर गेली असशील, त्याच्या तोंडाकडे बघितलं असशील, आणि पोरीला त्याच्या हातून घेतलं असशील. दुसरा मार्ग मी ठेवलेला नाही. मीही तुझीच मुलगी आहे.

आता हो किंवा नाही, एवढंच. तिला आणि त्याला दोघांना घेऊन वर ये, नाहीतर तिला पुन्हा त्याच्या हातात दे आणि जा. एकटीने वर येऊ नकोस. मी आतून कडी लावली आहे, आणि ती उघडायला मी उठणार नाही. किल्ली त्याच्या खिशात आहे.

मी इथून दोरी धरून बसले आहे.

तुझी

(त्याच कागदाच्या मागे, किल्लीवाल्याच्या पेन्सिलीने; घरमालकीणबाईंनी दाराखालून आत सरकवलेलं)

मूल घेतलं. त्याला अजून तिची मान नीट धरता येत नाही, कशी धरायची ते दाखवलं. पोरीच्या दुपट्याला खळ आहे, तुम्हा दोघांना अक्कल कधी येणार? दोरी सोड, इथे किल्ल्या वाजून ती दचकते. आतून लावलेली कडी बाहेरून किल्लीने उघडत नाही, मूर्खासारखं लिहू नकोस. ऊठ सावकाश, भिंतीला धरून, आणि कडी काढ. जिना अंधारा आहे, म्हणून तो पुढे येतोय, मी पोरीला घेऊन मागे. गाठोड्यातल्या कपड्यांचं काम झालंय, टाके मोजून घे. निळा दोरा उरलाय. त्याचे शर्ट काढून ठेव.